वाऱ्यावरची जा-ये

घरापासून ऑफिस तीन किलोमीटर. गाडीत एसी, पेट्रोल मायदेशाच्या मानानं स्वस्त. तरीही सकाळी सातच्या सुमारास मुऐथर, ऐन खालिद किंवा गराफातून निघालेला माणूस आधी कंपाउंडच्या गेटवर थांबतो, मग सिग्नलला, मग पुढच्या चौकात, आणि शेवटी ऑफिसपाशी पार्किंगसाठी दोन चकरा मारतो. एवढ्याशा अंतरासाठी दीड टन लोखंड हलवायचं, असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तेच करतो.

घरातल्या मुलांकडे मात्र यावर उत्तर तयार असतं. त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं: लांबट स्केटबोर्डवर एक माणूस उभा आहे, हातात एक दांडी आहे, दांडीला दोऱ्या आहेत आणि वर छोट्या पॅराशूटसारखा पतंग. इंजिन नाही, बॅटरी नाही. वारा ओढतो आणि माणूस सायकलवाल्याला मागं टाकून निघून जातो. ‘‘इथं इतका वारा असतो, मग बाबा असे ऑफिसला का जात नाहीत?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कतारची जमीन सपाट आहे, रस्ते गुळगुळीत आहेत, आणि वाऱ्याची तर तक्रारच करावी इतकी चंगळ आहे. पतंगही आपल्याला परका नाही. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस गावच्या गाव गच्चीवर असतं. तिथं आसारी हातात धरलेल्या पोराला वाऱ्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. इथंही 2017 साली आपल्या रय्यानमधल्याच अस्पायर पार्कात आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरला होता. म्हणून यंदाच्या दिवाळीत, बाहेर पडण्याजोगी हवा सुरू होत असताना, हा प्रश्न नीट सोडवून पाहू. पतंग आणि लाँगबोर्ड घेऊन रय्यानमध्ये कामावर जाता येईल का? आणि परत येता येईल का? रोजच्या प्रवासाला मराठीत आपण ‘जा-ये’ म्हणतो. त्यातला ‘ये’ विसरून चालत नाही.

फळी, चाकं आणि बिनकामट्यांचा पतंग

आधी साधनांची ओळख. लाँगबोर्ड म्हणजे स्केटबोर्डचा थोरला भाऊ. फळी साधारण 90 ते 120 सेंटीमीटर लांब, चाकं मोठी आणि मऊ, पॉलियुरेथेनची, बहुतेक 65 ते 75 मिलीमीटर व्यासाची. स्केटबोर्डची चाकं लहान आणि कडक असतात, ती उड्या मारायला बरी; लाँगबोर्डची चाकं बारीक खडे आणि फरशांच्या फटी पचवून पुढं जातात. वजन तीन-चार किलो. एक पाय फळीवर ठेवून दुसऱ्यानं रेटा देत गेलं तरी सरावाचा माणूस ताशी 12 किलोमीटरच्या आसपास वेग सहज धरतो. म्हणजे पतंग नसला तरी तीन किलोमीटर पंधरा मिनिटांत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पतंग मात्र आपल्या कागदी पतंगासारखा नाही. त्याला कामट्या नसतात. दोन कापडांच्या मध्ये कप्पे शिवलेले असतात, पुढच्या कडेला तोंडं असतात, त्यातून वारा आत शिरतो आणि पतंग गादीसारखा फुगतो. जमिनीवर वापरायचा लहान पतंग दोन ते चार चौरस मीटरचा असतो. दोऱ्या दोन किंवा चार, वीसेक मीटर लांब, हातातल्या दांडीला बांधलेल्या. डावीकडून ओढलं की पतंग डावीकडे, उजवीकडून ओढलं की उजवीकडे. वारा पडला की घडी घालून पाठीवरच्या पिशवीत टाकायचा आणि पायानं रेटा देत पुढं निघायचं. या कल्पनेची गंमत खरी इथंच आहे.

पतंग डोक्यावर उभा असला की त्याची ओढ कमी. वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला, समोर खाली आणला की ओढ सर्वांत जास्त. म्हणजे तो डोक्यावर चढवणं हा ब्रेक नाही, पण ब्रेकच्या सर्वांत जवळची गोष्ट तीच.

पुष्कळांना वाटतं की वारा जिकडे जातो तिकडेच माणूस जाणार. तसं नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला तर तो दाबाच्या दिशेनं जात नाही, बोटांतून पुढं सटकतो. लाँगबोर्डचंही तसंच. पतंग तिरका ओढतो, चाकं आडवी सरकायला तयार नसतात, त्यामुळे उरलेली ओढ फळीला पुढं नेते. म्हणून वारा डाव्या किंवा उजव्या अंगानं येत असेल तर उत्तम चाल मिळते. उलट वारा थेट पाठीमागून आला तर वेग वाढेल तसा अंगाला लागणारा वारा कमी होतो आणि दोऱ्या ढिल्या पडतात.

एक हिशेब मात्र सुरुवातीलाच समजून घ्यावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात आरामात चाललेला माणूस 30 किलोमीटरच्या झोतात सापडला तर त्याला सव्वादोन पट ओढ लागते, तीही क्षणात.

डॉक्टर ग्रेसचे आजोबा

पतंगानं गाडी ओढायची कल्पना मोबाइलच्या जमान्यातली नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी 1826 साली पतंगानं ओढल्या जाणाऱ्या घोडागाडीवजा वाहनाचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. चार-पाच माणसं बसतील अशी ती गाडी चांगल्या वाऱ्यात ताशी 30 किलोमीटरच्या आसपास धावे. त्या काळी इंग्लंडात रस्त्यावरचा टोल गाडीला किती घोडे जुंपलेत त्यावर ठरे. या गाडीला घोडाच नव्हता. टोलनाक्यावरच्या माणसाकडे तिच्यासाठी दरच नसे, आणि मास्तर फुकट पुढं जात.

क्रिकेटवेड्या मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. पोकॉक मास्तरांनी पतंगाला खुर्ची बांधून आपल्या लहान मुलीला, मार्थाला, जमिनीपासून 270 फूट वर उचललं होतं. ती सुखरूप खाली आली. याच मार्थाबाईंचा मुलगा म्हणजे डब्ल्यू. जी. ग्रेस.

पुढं 1903 मध्ये सॅम्युअल कोडी यांनी पतंगानं ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. 1984 मध्ये फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी तो पुन्हा उठवता येई, आणि त्यातून आजचं काइटसर्फिंग उभं राहिलं. 1990च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी पतंगानं ओढायची तीनचाकी बग्गी लोकांपर्यंत पोचवली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं माणसं हे करताहेत आणि ते चालतं, यात शंका नाही. तरी पोकॉक मास्तरांची गाडी घोड्याची जागा घेऊ शकली नाही. घोडा सांगितल्या वेळी निघतो आणि सांगितल्या वेळी परत येतो. वारा तसं कबूल करत नाही.

जायचा वारा, यायचा वारा

वाऱ्यावर रोजची जा-ये करणारी माणसं आपल्याकडे होती, आणि तीही पिढ्यानपिढ्या. कोकणातले शिडाच्या होड्यांवरचे मासेमार. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्राकडून जमिनीकडे फिरतो. हे खारे वारे. पहाटे मतलईवर शीड उभारून बाहेर पडायचं, जाळी टाकायची, आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर बंदरात यायचं. शाळेच्या भूगोलात आपण दोन गुणांसाठी पाठ केलेली ही दोन नावं म्हणजे खरं तर जाण्याचं आणि येण्याचं वेळापत्रक होतं. होड्यांना इंजिन बसलं आणि त्या वेळापत्रकाची गरज संपली.

आखातातल्या गलबतांचंही तसंच, फक्त त्यांची जा-ये वर्षाची होती. इथला मोती मुंबईच्या बाजारात जाई आणि तिकडून तांदूळ, कापड, लाकूड इकडे येई. हंगामी वारा फिरला की गलबतं फिरत. हा संबंध इतका जवळचा की 1966 पर्यंत कतारच्या बाजारात व्यवहार रुपयातच चालत होता.

आता रय्यानचा वारा पाहू. इथला मुख्य वारा शमाल. शमाल म्हणजे अरबीत उत्तर. प्रत्यक्षात तो वायव्येकडून येतो. जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात त्याचा जोर सर्वांत मोठा, दिवसा चढतो आणि रात्री उतरतो. हिवाळ्यात थंड हवेची लाट येऊन गेली की मागोमाग तो एक-दोन दिवस, कधी तीन-चार दिवस, सुटतो. जोराच्या शमालात ताशी 40-50 किलोमीटर वेग ही नवलाची गोष्ट नाही.

रय्यानमधले मोठे रस्ते आठवा. दुखानकडे जाणारा महामार्ग पूर्व-पश्चिम. जुना रय्यान रोड साधारण तसाच. वायव्येचा वारा असताना पूर्वेला, म्हणजे दोह्याकडे निघालात तर वारा मागून तिरका मिळतो. पतंगासाठी याहून चांगली स्थिती नाही. संध्याकाळी परत पश्चिमेला निघालात की तोच वारा समोरून तिरका. होडी अशा वाऱ्यात डावीकडे-उजवीकडे नागमोडी जात पुढं सरकते. तिला समुद्र मोकळा असतो. तुम्हाला साडेतीन मीटरची लेन. म्हणजे शमाल तुम्हाला कामावर सोडेल, घरी आणणार नाही. पतंग पिशवीत घालून, समोरून येणारा वारा आणि धूळ खात, पायानं रेटा देत यायचं.

दोन्ही वेळा साथ देईल असा वारा एकच: आडवा. वायव्येच्या वाऱ्याला आडवा रस्ता म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य जाणारा. घर आणि ऑफिस नेमकं अशा रेषेवर असेल, मध्ये वळण नसेल, तर जा-ये जमते. पण आपल्याकडे दोन किलोमीटरमध्ये एक तरी राउंडअबाउट येतोच, आणि राउंडअबाउटवर वारा क्रमानं चारही बाजूंनी लागतो.

कोकणासारखी सोय इथं नाही का? थोडी आहे. शमाल नसलेल्या शांत दिवशी दुपारी समुद्राकडून, म्हणजे पूर्वेकडून वारा येतो आणि पहाटे जमिनीकडून अगदी हलका वारा वाहतो. कोकणात समुद्र पश्चिमेला, इथं पूर्वेला, एवढाच फरक; आरशात पाहिल्यासारखं सगळं. पण पहाटेचा तो वारा किनाऱ्यापासून आत, घरांच्या गर्दीत, दिवा फडफडवण्यापुरता उरतो. माणूस ओढायला तो पुरत नाही. शिवाय इमारती. दहा मीटर उंचीच्या व्हिलाच्या मागं सत्तर ते शंभर मीटरपर्यंत वारा गढूळ असतो, कधी एकदम पडतो, कधी कोपऱ्यावरून एकदम येतो. कंपाउंडच्या भिंती, व्हिला आणि टॉवर यांच्यामधून जाणारा रय्यानचा रस्ता म्हणजे असा गढूळ वारा एकामागून एक.

शेजारच्या लेनमधला गळा

इथपर्यंतच्या अडचणी वेळेच्या आणि सोयीच्या आहेत. हौशी माणूस म्हणेल, उशीर झाला तर झाला. पण एक अडचण तशी नाही, आणि मुलांना समजावून सांगायला हवी ती हीच.

पतंगाची दोरी वीस मीटर. ती दोन मिलीमीटरहून बारीक असते आणि शंभर किलोहून जास्त वजन तोलते. समजा तुम्ही रस्त्याच्या कडेनं चालला आहात, हात जमिनीपासून सव्वा मीटरवर आहेत आणि पतंग शेजारच्या लेनच्या बाजूला, दहा मीटर उंच आहे. तुमच्यापासून चार मीटरवर, म्हणजे शेजारच्या लेनच्या मध्यावर, दोरी सुमारे सव्वातीन मीटर उंच असेल. गाड्या खालून जातील. आता झोत आला, किंवा एखाद्या टॉवरमागं वारा पडला, आणि पतंगानं गोता खाल्ला. पतंग दोन मीटर उंचीवर आला की त्याच जागी दोरी साधारण 1.4 मीटरवर येते. गाडीच्या काचेवर ती आपटेल. मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचा गळा मात्र नेमका त्या उंचीवर असतो.

इथं मोटरसायकलवर कोण असतं? आपल्या घरी जेवण, औषध आणि किराणा पोचवणारी मुलं. आपल्या देशातली, शेजारच्या देशांतली. ताशी 60 किलोमीटरनं येणारा माणूस चार मीटर अंतर पाव सेकंदात कापतो. बारीक दोरी त्याला दिसणारही नाही.

हे आपल्याला नवं नाही. संक्रांतीच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दुचाकीस्वाराचा गळा चिरल्याची बातमी दर वर्षी येते. राष्ट्रीय हरित लवादानं 11 जुलै 2017 रोजी नायलॉन आणि तशाच कृत्रिम धाग्याच्या मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. त्या बातम्यांमध्ये पतंग उडवणारा गच्चीवर असतो, त्याला खाली काय झालं ते कळतही नाही. रस्त्यावर पतंग घेऊन उभा राहणारा तर स्वतःच ती दोरी रस्त्यावर ताणून धरतो. या दोरीला काचेची धार नसते हे खरं, पण ताणलेल्या बारीक दोरीला आणि वेगात येणाऱ्या गळ्याला धारेची गरज लागत नाही.

म्हणून उत्तर स्पष्ट आहे. जिथं गाड्या, मोटरसायकली, सायकली किंवा चालणारी माणसं आहेत तिथं पतंग नाही. शुक्रवारी सकाळी रस्ता रिकामा असला तरी नाही. पतंगासाठी वाऱ्याच्या दिशेला दोरीच्या दुपटी-तिपटीएवढी, म्हणजे निदान पन्नास मीटर मोकळी जागा हवी, आणि कामावर जाण्याच्या वाटेवर तेवढी रिकामी जागा शहरात नसते. वारा फुकट आहे. वीस मीटरच्या दोरीला लागणारी जागा फुकट नाही, ती दुसऱ्या कुणाच्या वाटेतून काढून घ्यावी लागते.

उरली फळी

पतंग पिशवीत गेला, तरी लाँगबोर्ड उरतोच, आणि तो आकडाही उरतो: तीन किलोमीटर, पंधरा मिनिटं. मुलांच्या प्रश्नातला खरा उपयोगाचा भाग हा आहे.

10 डिसेंबर 2019 रोजी मेट्रोची ग्रीन लाइन सुरू झाली आणि रय्यानला तिचा मोठा वाटा मिळाला. अल रय्यान अल कदीम, अल शकब, कतार नॅशनल लायब्ररी, एज्युकेशन सिटी आणि मॉल ऑफ कतारजवळचं अल रिफा. साध्या डब्याचं तिकीट दोन रियाल, दिवसभरात कितीही फिरलात तरी सहा रियाल. स्टेशनपर्यंत आणणाऱ्या मेट्रोलिंक बसला पैसे पडत नाहीत. एज्युकेशन सिटीत आत ट्राम आहे. तिला दोन थांब्यांमध्ये वर तारा नाहीत, थांब्यावर उभी असताना ती वीज भरून घेते. म्हणजे मधलं अंतर सुटलं आहे. सुटलेलं नाही ते शेवटचं: स्टेशन ते घर आणि स्टेशन ते ऑफिस, दोन-दोन किलोमीटर.

ज्याच्याकडे गाडी आहे त्याला हे अंतर किरकोळ वाटतं. नुकता कतारात आलेला आणि लायसन्स अजून न झालेला माणूस, एकाच गाडीत दोघांची ऑफिसं आणि मुलांची शाळा बसवणारं कुटुंब, एज्युकेशन सिटीत शिकणारी आपली मुलं, यांच्यासाठी मात्र ते दोन किलोमीटर म्हणजे ही नोकरी घ्यायची की नाही, संध्याकाळचा क्लास लावायचा की नाही, इथपर्यंतचा प्रश्न असतो. दर वेळी टॅक्सी परवडत नाही आणि दर वेळी कुणाला ‘जरा सोडशील का’ म्हणणंही जिवावर येतं.

अशा ठिकाणी तीन-चार किलोची फळी कामाची आहे. पण काही अटी आहेत.

पहिली अट जागेची. गाड्यांच्या रस्त्यावर लाँगबोर्ड नाही. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी आखलेली वाट असेल तिथंच, आणि चालणाऱ्या माणसाला आधी वाट देऊन. निघण्यापूर्वी एका शुक्रवारी सकाळी ती वाट पायी चालून पाहावी. फुटपाथ कुठं तुटतो, बांधकामाचा पत्रा कुठं लागतो, रस्ता कुठं ओलांडावा लागतो, हे गाडीच्या काचेतून दिसत नाही. स्टेशनच्या आवारात फळी हातात घ्यावी, तिच्यावर उभं राहू नये. आणि आवारातल्या सुरक्षारक्षकानं नको म्हटलं तर वाद न घालता चालावं.

दुसरी अट वाळूची. धुळीचा दिवस होऊन गेला की फुटपाथच्या कडेला वाळूचे पट्टे साचतात. मोठं मऊ चाक खड्यावरून जातं, वाळूत मात्र रुततं. फळी थांबते आणि माणूस पुढं जातो. सकाळच्या तिरप्या उन्हात हे पट्टे फरशीच्याच रंगाचे दिसतात. हेल्मेट आणि तळव्याला कडक पट्टी असलेले हातमोजे रोज हवेत. पडताना माणूस आधी हात टेकतो. चाकांच्या बेअरिंगमध्येही ही वाळू जाते. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यानं आणि ब्रशनं ती काढावी. आधी तेल घातलं तर वाळू चिकटून बसते.

तिसरी अट थांबण्याची. लाँगबोर्डला ब्रेक नसतो. एक पाय जमिनीवर हलकेच घासत वेग कमी करायचा असतो, आणि हे आधी मोकळ्या जागेत शिकायला हवं. दोन आठवडे रोज अर्धा तास दिला तर मोठ्या माणसालाही येतं. ज्याला चालत्या फळीवर एका पायावर उभं राहून खांद्यावरून मागं पाहता येत नाही त्यानं कामाच्या वाटेवर जाऊ नये.

चौथी अट हवेची, आणि ती सर्वांत मोठी. 2021च्या नियमानुसार कतारात 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. शिवाय उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरून काढलेला उष्मा-निर्देशांक 32.1 अंशांच्या वर गेला तर केव्हाही काम थांबवावं लागतं. तो नियम उघड्यावर काम करणाऱ्या कामगारांसाठी आहे, पण अंग सगळ्यांचं सारखंच. त्या साडेतीन महिन्यांत फळी घरात ठेवावी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट पहाटेसुद्धा दोन किलोमीटर रेटा देऊन ऑफिसात पोचलेला माणूस कामाच्या अवस्थेत नसतो. उरले ऑक्टोबरअखेर ते एप्रिल, साधारण सहा महिने. या महिन्यांत सकाळची हवा पुण्याच्या हिवाळ्याशी स्पर्धा करते.

पतंगाची जागा

ज्यांच्या मनातून पतंग जात नाही त्यांच्यासाठी कतारनं जागा ठेवली आहे. दोह्याच्या उत्तरेला, शंभरेक किलोमीटरवर फुवैरितचा किनारा आहे. उथळ पाणी, मोकळा वारा, आणि आता तिथं काइटसर्फिंग शिकवण्याची व्यवस्थाही आहे. त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि तो भाग त्या काळात बंद असतो. वेळासची कासवं पाहिलेल्या मंडळींना त्याचं कारण सांगायला नको.

पतंग शिकायचा तर क्रम असा. आधी फळीशिवाय, पायांवर उभं राहून दोन चौरस मीटरचा पतंग मोकळ्या वाळूवर उडवायला शिकायचं. दांडी सोडली की पतंगाचा जोर लगेच जातो अशी मनगटाची सुरक्षादोरी आहे ना, ती खरंच काम करते ना, हे दर वेळी सुरुवातीलाच तपासायचं. जमिनीवर ताशी 25 किलोमीटरच्या वर वारा असेल तर नवशिक्यानं पतंग पिशवीतून काढूच नये. दुसरं माणूस सोबत हवंच. चाकांची गोडी नंतर, आणि तीही कडक वाळूवर हवा भरलेल्या मोठ्या चाकांच्या बोर्डावर. लाँगबोर्डची चाकं वाळूत चालत नाहीत.

संक्रांतीला ढील देत आणि खेचत शिकलेलं बोट इथं उपयोगी पडतं. वाऱ्याचा झोत दोरीतून बोटाला आधी कळतो आणि डोळ्याला नंतर दिसतो, हे ज्याला माहीत आहे त्याचं निम्मं शिक्षण झालेलं असतं. फक्त इथं पेच नाही, काटाकाटी नाही, आणि पतंग माणसापेक्षा जोरानं ओढतो.

आणि मुलांनी पुन्हा विचारलंच, की बाबा पतंगानं ऑफिसला का जात नाहीत, तर त्यांना वीस मीटर सुतळी आणि एक मोजपट्टी द्या. कंपाउंडमधल्या मोकळ्या जागेत एकानं एक टोक छातीपाशी धरावं, दुसऱ्यानं दुसरं टोक दोन मीटर उंच धरून दूर उभं राहावं, आणि तिसऱ्यानं पहिल्यापासून चार मीटरवर सुतळीची उंची मोजावी. मग त्याच जागी एक खुर्ची ठेवून त्याला तिच्यावर थोडं उंच बसायला सांगा, मोटरसायकलवर बसतात तसं. उत्तर कुणी सांगावं लागणार नाही.